दर वर्षी एक मजला

"माझ्या घराचा सज्जा बरोब्बर इथं खाली आहे," त्सात्सूने वल्हं उचलून सांगितलं, आणि होडीतल्या परदेशी पोरांनी माना वाकवून गढूळ पाण्यात पाहिलं.

हवामानबदल शिकायला केटा या कोळीगावाच्या किनाऱ्यावर दर वर्षी आठवडाभर देशोदेशीचे विद्यार्थी येत. वर्गात एडिनामबाई तक्ते दाखवत. शेवटच्या दिवशी समुद्राने गिळलेला गाव दाखवायचा तो त्सात्सूने. पोरं दर खेपेला नवी, म्हणून घरालाही दर वर्षी एक मजला चढे. पहिल्या तुकडीच्या वेळी दोन खोल्या होत्या. आता सज्जा होता, जिना होता, आणि अमावास्येला पाण्याखाली ठोके देणारं घड्याळही. समुद्राने नेलं त्याच्या चौपट त्सात्सूने बांधून काढलं होतं.

मग पूर्वजांच्या नावाने तो समुद्राला दारू वाही. थेंबभर समुद्राला, बाकीची घशात. पूर्वजांना आता घर नाही, ते माझ्याच पोटात राहायला आलेत, म्हणे.

पण गेल्या वर्षीच्या एका पोराने ते घड्याळ आपल्या निबंधात घातलं आणि बाईंची शोभा झाली. यंदा त्यांनी बजावलं होतं, "काका, आता एक जरी थाप मारलीत, तर पुढच्या वर्षी होडी त्या दुसऱ्या कोळ्याची, सेलोर्मची." मासळी कधीच पांगली होती, त्सात्सू वर्षभर या एका दिवसावर जगायचा. तरी जिभेला हाड नसतं.

गेल्या वर्षी शिकायला आलेली झांबियाची मुतिंता यंदा बाईंच्या मदतीला आली होती. ती हळूच म्हणाली, "काका, गेल्या वर्षी सज्जा त्या किल्ल्यापाशी होता."

"पाण्याला ओढ फार आहे, पोरी. घर सरकतं."

पोरं हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांची नजर किनाऱ्यावर सेलोर्मची होडी शोधू लागली.

होडीच्या टोकाला त्सात्सूची बायको अब्ला पोरांसाठी मक्याच्या उकडीचं पातेलं मांडीवर घेऊन बसली होती. घर गेल्यापासून ती आज पहिल्यांदा पाण्यावर आली होती.

"सरक. वल्हं दे," ती म्हणाली.

"अगं सेनाच्या आई, तिकडे लाट आहे."

"लाट मलाही दिसते. दे."

चर्चचा क्रूस पाण्याच्या टाकीआड जाईपर्यंत तिने होडी नेली. किनाऱ्यावरच्या दोन खुणा जुळवून समुद्रात जागा हेरायची कोळ्यांची ही रीत त्सात्सूलाही ठाऊक होती. इतकी वर्षं तो या जागेला वळसा घालून, शीळ वाजवत जायचा.

"एकच खोली होती," अब्ला म्हणाली. "मातीची. मासे धुरवून विकले, तेव्हा मी बांधली. सज्जा कसला, खिडकीला झडपसुद्धा नव्हती. दाराशी माड होता, त्याच्या बुडाशी आमच्या पोरांच्या नाळा पुरल्या होत्या. पाणी शिरलं तेव्हा लोक भांडी काढत होते, आणि हा माडाला मिठी मारून बसला. दंडाला धरून ओढला मी."



"आणि घड्याळ?" मुतिंताने विचारलं.

"ते याच्या डोक्यात आहे. अजून चालू आहे."

आता बाईसुद्धा हसल्या. "पुढच्या वर्षी दोघंही या," त्या म्हणाल्या. "मावशी, तुम्ही सांगायचं. काकांनी वल्हवायचं."

त्सात्सूने ग्लास काठोकाठ भरला आणि सगळा पाण्यात ओतला. मग दुसरा.

"स्वतःला ठेव की घोटभर," अब्ला म्हणाली.

त्याने बाटलीच उलटी धरली, आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत हात तसाच ठेवला.