टॉरींचं रक्त

इझोबेल मचला तिच्या पणजोबांच्या नावानं अकरा वर्षं पार दमवलं होतं.

गॅव्हिन टॉरी मच. त्यातलं मच हे आईकडचं. आई, नाव क्रिश्चन मच, शेतावर राबणारी मोलकरीण, लग्नाविना बाळंत झालेली. अशा पोराला मधलं नाव म्हणून बापाचं आडनाव चिकटवायची त्या मुलखात रीतच होती. तेव्हा घरात सगळे धरूनच चालले, की बाप टॉरींपैकी कुणीतरी. टॉरी म्हणजे शेजारच्या गावचे चारशे एकरांचे धनी.

आणि इझोबेलचे वडील, वॉटी, त्याच टॉरींच्या गोठ्यात पन्नास वर्षं गुरं सांभाळत राहिले. दुसरीकडून जास्त पगाराची बोलावणी आली, हे जागचे हलले नाहीत. “आपल्याच रक्ताची जमीन टाकून जायचं होय?” म्हणायचे. टॉरींनी त्यांना एवढ्या वर्षांत कधी बैठकीच्या खोलीत बसवलं नाही, ती गोष्ट वेगळी. आता ब्याण्णवाव्या वर्षी अंथरुणाला खिळले होते आणि एकच घोशा लावला होता, “डोळे मिटायच्या आत मला कागदावर दाखव, इझी. मी टॉरींचा आहे म्हणून.”

म्हणून ती दोन बस बदलून अ‍ॅबर्डीनला आली होती. वय त्रेसष्ट, गुडघे त्याहून म्हातारे. जुन्या दप्तरखान्यातल्या मुलीनं तिच्यापुढं चर्चच्या पंचांची वही ठेवली. अक्षर म्हणजे नुसते कोंबडीचे पाय! दुपारपर्यंत डोळे फोडल्यावर क्रिश्चन सापडली.

पंचांनी बिचारीला तीन रविवार सगळ्या गावापुढं उभं केलं होतं. पोराचा बाप कोण? तिसऱ्या रविवारी ती बोलली. सॅन्डी नावाचा हंगामी गडी. सहा महिन्यांचा करार संपला, तशी पेटी उचलून पुढच्या शेतावर गेला. आडनाव तिनं कधी विचारलं नव्हतं.

इझोबेलनं पान उलटलं. नवे पाद्री रेव्हरंड गॅव्हिन टॉरी यांच्या हातचा या चर्चमधला पहिला बाप्तिस्मा, म्हणून मुलास प्रथेप्रमाणे त्यांचे नाव दिले. त्याखाली दुसऱ्या शाईत लिहिलं होतं, की दक्षिणेकडून आलेले हे पाद्री इथं आल्यापासून आठव्या महिन्यात तापानं वारले.

इझोबेलनं कपाळावर हात मारून घेतला. नव्या पाद्र्याच्या हातचं पहिलं पोर त्याचं नाव घेतं, हे तिला काय ठाऊक नव्हतं? तिच्या वर्गातच तसा एक होता. पण शेजारी चारशे एकर दिसत असताना आठ महिन्यांच्या पाद्र्याकडं बघतो कोण! अकरा वर्षं ती भलत्याच दारात उभी होती. तिला राग यायला हवा होता, पण तेवढंही त्राण उरलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये तिनं ठरवून टाकलं. पानं भिजून खराब झालीत असं सांगायचं. म्हाताऱ्याला सुखानं जाऊ द्यायचं.

घरी पोचल्यावर ती अंगातला कोट न काढताच चुलीकडं वळली.

“चहा नको,” वॉटी खाटेवरून म्हणाले. “तुझी आईपण खोटं बोलायच्या आधी चहा टाकायची. इकडं ये.”

“बाबा, पानं भिजलेली...”

“इझी.”

मग तिनं सगळं सांगितलं. ते छताकडं बघत ऐकत राहिले.

“म्हणजे टॉरी आपले कुणीच नव्हेत?”

“कुणीच नव्हेत, बाबा.”

“आणि तो सॅन्डी सहा महिन्यांत निघून गेला.” ते जरासे हसले. “शहाणा होता लेकाचा. मी पन्नास वर्षं बसून राहिलो.”

इझोबेलला रडू फुटलं. “मी उगाच गेले तिथं. जायलाच नको होतं.”

“गप गं. मीच पाठवलं तुला.” त्यांनी पांघरूण छातीवर ओढून घेतलं. मग म्हणाले, “तुझ्या मावशीनं कॅनडाहून आमची तिकिटं पाठवली होती. तुझ्या वेळेला आई पोटुशी होती. मी परत धाडली.”

इझोबेलनं हे कधीच ऐकलं नव्हतं. “आई काही बोलली नाही?”

“मी म्हटलं तिला, टॉरींचं रक्त आहे माझ्यात, इथून हलायचं नाही. तर तिनं भांडी घासता घासता एवढंच विचारलं, ‘अहो, पण हे टॉरींना ठाऊक आहे का?’”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

वॉटींनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

“महिनाभर तिच्याशी बोललो नाही मी.”