मागून मारलेली हाक

मी एक जुनी जीवरक्षक नाव आहे. मित्रांनो, सध्या मी नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्यावर मार्जरी आजींच्या परसात पालथी पडले आहे आणि माझ्या पोटात कोंबड्या अंडी घालतात. हसा खुशाल! चौतीस वर्षांत मी एकशे अकरा माणसे वादळातून जिवंत आणली, हे कोंबड्यांना कुठे ठाऊक?

संकटाचा बार उडाला की सारा गाव माझ्याकडे धावत सुटे. खुंट्यांवर माणसाला तरंगत ठेवणारी बुचाची तेरा जॅकेटे असत. ज्याच्या हाती जॅकेट लागेल तो नावेत, बाकीचे हात चोळत किनाऱ्यावर. आणि मला दोराने पाण्यात ओढायच्या त्या बायका! कंबरभर गारठ्यात, झगे भिजवत. नियम एकच होता. समुद्रावर निघालेल्याला मागून हाक मारायची नाही.

एका जानेवारीत मार्जरीच्या नवऱ्याने, कथबर्टने, शेवटचे जॅकेट पटकावले आणि बंद न बांधताच वल्ह्याकडे झेप घेतली. लाटेने जॅकेट ओढून नेले ते थेट मार्जरीपाशी.

"कथबर्ट! अरे मेल्या, थांब! मागं बघ!"

साऱ्या बायकांनी तोंडावर हात ठेवले. मार्जरी गळाभर पाण्यात शिरली आणि तिने जॅकेट माझ्यात भिरकावले.

"घात केलास गं बये!" म्हातारी नेल आत्या कडाडली. "आता हा परत आला तर माझं नाव बदल!"

कथबर्टने ते अंगात घालून या वेळी बंद घट्ट बांधले. बाहेर एका लाटेने त्याला माझ्यातून उचलून फेकले. मी काय करणार? लाकडाला हात नसतात. त्या जॅकेटानेच त्याला तरंगत ठेवले. आमच्या म्होरक्या तांडेलाने मानगूट धरून त्याला आत घेतले. फुटलेल्या जहाजावरचे नऊ खलाशीही आम्ही आणले.

परतलो तेव्हा मार्जरी एकटीच बाजूला उभी होती. मला वर ओढायचा दोर नेल आत्याने आधी तिच्याच हातात दिला.

"धर गं. आणि माझं नाव काय ठेवायचं, ते तूच ठरव."

पुढे मोटारीची नाव आली आणि मी निकामी ठरले. सरपणासाठी मला फोडणार होते. कथबर्टने मला घरी आणले. तो गेला तो पिकल्या वयात, आपल्याच अंथरुणात, मार्जरीचा हात धरून. दर्यावरच्या माणसाला याहून मोठे भाग्य नसते.

आता माझ्या फळ्या कुजत चालल्या आहेत. आजींना डांबराची बादली उचलवत नाही आणि त्या कुणाला सांगतही नाहीत. मित्रांनो, या वाटेने गेलात तर माझ्या पाठीवर डांबराचा एक हात फिरवा. आणि कुंपणापाशी थांबून आजींना हाक मारा. दिवसभर त्या अशा हाकेचीच वाट पाहत असतात.