न धुतलेलं फडकं

पहिला रडला तो रणधीर. सुपातली तूर निवडता निवडता अयोध्याबाईंनी आवाजावरूनच ओळखलं. मग दुसरं पोर रडलं, मग तिसरं, आणि बघता बघता समोरच्या अंगणवाडीत रडण्याची साथच आली. सोमवारची सकाळ होती. भांडी घासणारी सून हसत म्हणाली की तुमच्यावाचून तिथलं पान हलत नाही. आणि खोटं कशाला बोला, अयोध्याबाईंना ते ऐकून आतून बरं वाटलं.

वाटणारच की. माकणीच्या धरणाच्या अंगाला असलेल्या या वस्तीवर आज ज्या बाया पोरांना काखेत मारून अंगणवाडीत आणतात, त्यांतल्या निम्म्या स्वतः बाईंच्याच हाताखाली नाक पुसायला शिकलेल्या. दिवाळीआधी बाई अंगणवाडीच्या सेवेतून मोकळ्या झाल्या आणि त्यांच्या जागी हर्षाली आली. माहेर तुळजापूरचं, वस्तीवरच्याच एका घरातली धाकटी सून, शिकलेली, चटपटीत, कपड्यांची इस्त्री न मोडणारी. तेव्हापासून बाईंनी समोरचा उंबरा ओलांडला नव्हता. नव्या सुनेच्या चुलीपाशी सासूनं उठबस ठेवली की भाकरी दोघींचीही करपते, असं त्यांचं म्हणणं. आपण दिसलो की पोरं आपल्याकडं धावणार आणि ती बिचारी परकीच राहणार, हे त्यांना कळत होतं.

एवढी शहाणी बाई, पण एका बाबतीत तिचं शहाणपण चालत नव्हतं. शेवटच्या दिवशी नेसलेली साडी तशीच खुंटीवर होती. तिला खिचडीचा, तेलाचा आणि पोरांच्या शेंबडाचा वास होता. सून धुवायला मागायची आणि बाई म्हणायच्या, "राहू दे गं."

रडारड थांबेना, तेव्हा अंगणवाडीची मदतनीस शिवम्मा खिचडीचा डाव हातात घेऊनच रस्ता ओलांडून आली.

"बाई, त्या पोरीनं समदी फडकी धुतली की वो."

बाईंच्या हातातलं सूप खाली आलं.

फडक्यांची रीत बाईंचीच. पोर पहिल्यांदा अंगणवाडीत आलं की बाई त्याच्या आईकडं तिच्या अंगावरच्या साडीचा तुकडा मागायच्या. धुतलेला चालायचा नाही, नेसून मळलेलाच हवा. पोर त्याच्यावर बसायचं, निजायचं, त्याचं टोक चोखायचं. आई रानात गेली तरी आईचा वास जवळ राहायचा, आणि पोर गप असायचं. फडकं फारच कळकट झालं की आई दुसरं फाडून द्यायची. कारभार सोपवताना बाईंनी किल्ली दिली, वजनकाटा दिला, भांडी मोजून दिली. फडक्यांचं मात्र बोलल्याच नाहीत. जेवताना हात तोंडाकडं न्यायचा, हे का कुणाला सांगतात? त्यांना वाटलं, हे सगळ्यांनाच ठाऊक असणार.

हर्षालीला दिसल्या त्या नुसत्या घाणेरड्या चिंध्या. शनिवारी तिनं सगळ्या गोळा करून घरी नेल्या, पावडरीत भिजवल्या, ब्रशनं घासल्या, उन्हात वाळवल्या. आणि सोमवारी सकाळी मोठ्या हौसेनं घड्या वाटल्या. पोरांनी हुंगून बघितलं आणि भोकाड पसरलं.

बाकीच्यांचं निभावलं. आया वस्तीवरच होत्या, दुपारपर्यंत नवे तुकडे आले. रणधीरची आई मात्र भाऊबीज होताच नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेलेली, सांगलीकडं. नाव रणधीर, पण जीव केवढासा, तीन वर्षांचा. आईच्या हिरव्या साडीचा तुकडा, एवढंच काय ते त्याच्यापाशी उरलं होतं. घरात दुसरं काही मिळावं, तर त्याच्या आजीनं, दगडाबाईनं, ती गेल्याबरोबर वाकळांपासून सगळं घर धुऊन काढलेलं. बाईंचं मघाचं बरं वाटणं कुठल्या कुठं पळालं. सांगायचं आपल्याकडूनच राहिलं आणि भोगतंय पोर, असं वाटून त्यांना भाकरी गोड लागेना.

बुधवारी दगडाबाई दारात येऊन बसली. चहाला नको म्हणाली. पोरगं तिथंही जेवत नाही आणि घरीही नाही, उद्यापासून त्याला शेळ्यांमागं धरणाकडं घेऊन जाते, असं तिनं सांगितलं.

"दगडाबाई, अवो पाणी हाय तिथं. तुमी शेळ्या बघताल का पोर?"

"मग काय करू म्या? तुमीच या परत. समद्या बाया हेच म्हणत्यात. सरपंचाला सांगतो आमी."

त्या म्हातारीला गुडघ्यानं धड पळता येत नव्हतं, आणि रणधीर म्हणजे पाणी दिसलं की तिकडं निघणारं पोर. बाईंना रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी त्यांनी खुंटीवरची साडी काढली, नाकाला लावली आणि पिशवीत कोंबली. हा वास त्याच्या ओळखीचा होता, कितीदा याच पदरात तो निजला होता. हर्षालीला वाईट वाटेल, वस्ती तिला नावं ठेवील, हे कळत होतं. पण पोर आधी, मानपान मागून. असं मनाशी म्हणत, आधी हर्षालीला सांगायचं आणि मग दगडाबाईकडून पोर उचलून आणायचं असं ठरवून त्यांनी रस्ता ओलांडला.

दारात त्या थबकल्या. आत हर्षाली भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. तिच्या मांडीवर रणधीर आडवा पसरला होता, आणि तिच्या पदराचं टोक त्याच्या तोंडात होतं. शेजारी खिचडीची ताटली चाटूनपुसून रिकामी. आणि ती साडी! हळदीचे डाग, शेंबूड, इस्त्रीचा पत्ता नाही. अयोध्याबाई बघतच राहिल्या.

"कवा आला?"

"दगडाबाई शेळ्या घेऊन निघाल्या होत्या. मी वाटेतच हात जोडले, म्हटलं आजचा एक दिवस द्या." हर्षाली हळू आवाजात म्हणाली. "बाई, त्याच्या आईचा वास मी घालवला. तो मला कुठनं आणता येणार? म्हणून सोमवारपासनं ही एकच साडी नेसते. सासूबाई जवळ बसू देईनात. काल तो जरा सरकला इकडं. आज जेवला."

त्याच्या आईलाही फोन केल्याचं तिनं सांगितलं. फडकं मीच धुतलं, असं सरळ सांगून टाकलं होतं. ती आधी रडली, मग म्हणाली की मुकादमाची गाडी गावाकडं येणार आहे, तिच्यात दुसरं पाठवते, न धुता.

अयोध्याबाईंचा जीव भांड्यात पडला. पोरगं जेवलं होतं, धरण लांब राहिलं होतं, आणि चूक झाली म्हणून ही पोरगी ना रुसली होती, ना कुणावर ओरडली होती. आपल्यामागं या पोरांचं कसं होईल, या घोरानं दिवाळीपासून बाईंच्या छातीवर जे दडपण होतं, ते एकदम उतरलं. त्या उंबऱ्यावरच बसल्या.

"बाई, आणखी काय सांगायचं राहिलंय?" हर्षालीनं विचारलं.

बाईंनी खूप आठवून बघितलं. "त्या बसवेशचं नाक बघत जा. वाटाणं कोंबतो."

हर्षाली हसली, तसा रणधीर जागा झाला. त्यानं बाईंना बघितलं. बाईंचे हात आपसूक पुढं झाले. तो ओळखीचं हसला, आणि पदराचं टोक तोंडात सारून पुन्हा हर्षालीच्या कुशीत वळला.

"पिशवीत काय आणलं, बाई?"

"काय न्हाय. दळण टाकाया चालले."

तिथून त्या गेल्या त्या दगडाबाईकडं. ती वाटेतूनच शेळ्यांसकट घरी परतली होती. उद्याही रणधीरला धाडा, नाहीतर मीच उचलून नेईन आणि सरपंचाकडं तुमचीच तक्रार करीन, असा दम भरला. हर्षालीनं सकाळी वाटेत कसे हात जोडले ते दगडाबाईनं ऐकवलं, चहा टाकला, आणि दोघी मिळून डोळे पुसत प्यायल्या.

घरी येऊन अयोध्याबाईंनी बादलीत पावडर टाकली, फेस काढला आणि साडी बुडवली. सून बघत राहिली. पाणी पिवळं झालं. समोर पोरांचं गाणं सुरू झालं होतं. सगळ्यांच्या मागून, एक ओळ चुकून, रणधीरचा आवाज येत होता. बाईंनी हात थांबवून तो ऐकला. मग साडी पिळली आणि तारेवर पसरून टाकली.