पाण्याचा हात

"तांब्या! अगं, तांब्या घेऊन कुठं निघालीस आत? डोळे आहेत की बटणं?"

सुनेचा एक पाय उंबऱ्याच्या आत पडला होता, तो तिथेच थबकला. तिने तांब्या उपडा करून दाखवला. एक थेंबही पडला नाही.

"ओलसर असेल," सासू म्हणाली.

"सकाळपासून उन्हात होता, आई. कडकडीत वाळलाय."

"वाळू दे. तांब्याची जागा बाहेर."

सुनेने तांब्या ओट्यावर आपटला. आपटला म्हणजे चांगलाच आपटला. पण सासूला तेवढंच ऐकू आलं नाही. तिला नको ते ऐकू न येण्याची सवय जुनीच होती.

वल्हांडणाचा सण चार दिवसांवर आला होता. गावाच्या खालच्या अंगाला यहुद्यांची आठ घरं, आणि आठही घरांची सणाची भाकर एकाच पोत्यातल्या गव्हाची. ते पोतं चाळीस वर्षं या एका बाईच्या ताब्यात. यांचे पूर्वज गुलामीतून निघाले ते इतक्या घाईने, की कणीक फुगायलासुद्धा सवड मिळाली नाही. म्हणून या सणात आठवडाभर बेखमीर भाकर खायची, घरात खमिराचा कणही ठेवायचा नाही. गव्हाला पाणी लागलं की त्यात खमीर धरायला लागतं. तेव्हा भाकरीचा गहू पाण्यापासून राखायचा. दुसरीकडचे लोक दळणापासून राखतात म्हणे. ही बाई विळा लागल्यापासून राखायची. दव पुरतं उडाल्यावर, टळटळीत उन्हात कापणी करायची, नव्या कापडाच्या पोत्यात गहू भरायचा, पोतं माळ्यावर चढवायचं आणि पावसाळाभर छपराकडे बघत बसायचं. आठ घरांत तिला कोरडीकाकू म्हणत. समोर कुणी म्हणत नसे, पण तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

सून या घरात आली ती सणाच्या तोंडावर. पहिल्याच दळणाला बसली, माहेर आठवलं आणि डोळे भरून आले. सासूने दंडाला धरून तिला जात्यावरून उठवलं आणि ओट्यावर आणून बसवलं. "रडायचं तर इथं रड. पाणी ते पाणीच, डोळ्यातलं असलं म्हणून काय झालं?" त्या दिवशी सुनेने मनाशी म्हटलं होतं, ही बाई माणूस नव्हे. पुढे बावीस वर्षांत दोघींचं भांडणात इतकं छान जमलं, की एक दिवस भांडण झालं नाही तर दुसरीला वाटे, हिला बरं नाही की काय.

पण हे वर्ष वेगळं गेलं होतं. सासू आमटीत दोनदा मीठ घालायची. कोंबड्यांना दाणे टाकून यायची आणि पुन्हा दाणे घेऊन निघायची. एकदा सुनेला तिने आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली, आणि सून गुपचूप "ओ" म्हणाली. नवऱ्याला तिने काही सांगितलं नाही. तो जनावरांच्या बाजारात गेला होता, परवा यायचा होता. सांगून तरी काय करणार होता तो? आईला या एका पोत्याचा मान होता. ती विसरते हे बाहेर कळलं असतं, तर पोतं दुसऱ्या घरी गेलं असतं आणि पोत्यामागोमाग ही बाईही संपली असती.

पोतं माळ्यावरून काढलं तेव्हा ते हलकं लागलं. सुनेने उंदरांच्या नावाने बोटं मोडली आणि ती मागच्या अंगणात भांडी उकळायला गेली. सणाआधी घरातलं भांडं न् भांडं उकळत्या पाण्यातून काढावं लागतं. तासभर तिला मान वर करायला फुरसत मिळाली नाही.

ती परत आली तर ओट्यावर तांब्या नव्हता.

तांब्या आत होता, जात्याच्या शेजारी. सासूने सगळं पोतं पांढऱ्या कापडावर पसरलं होतं. एका हाताने ती तांब्यातलं पाणी गव्हावर शिंपडत होती आणि दुसऱ्या हाताने गहू खालीवर करत होती. चेहरा अगदी निवांत.

"आलीस? पाण्याचा हात लावला गं जरा," ती म्हणाली. "दळण मऊ येतं."

रोजच्या दळणाला पाण्याचा हात लावायचा, हे याच बाईने सुनेला शिकवलं होतं. सासूने तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग कापडाकडे, मग स्वतःच्या ओल्या हाताकडे. तो हात तिने पाठीमागे लपवला, काहीतरी फोडून बसलेली मुलगी लपवते तसा.

"हा कुठला गहू?" तिने हळूच विचारलं.

"रोजचा," सून म्हणाली. "तुम्ही जरा पडा, आई."

तिला आतल्या खोलीत निजवून सुनेने तो सगळा गहू गाईपुढे ओतला आणि कापड भिंतीवर वाळत घातलं. गाईचा सण आधीच सुरू झाला. सून मात्र शिंपीकाकूच्या घराकडे निघाली. शिंपीकाका आठ घरांची प्रार्थना चालवत. काय ठरवायचं ते तिथेच ठरायचं होतं.

काकू शिलाईची चिंधी न् चिंधी झटकत होती.

"काकू, माझ्या हातून घात झाला," सून उभ्याउभ्याच म्हणाली. "गहू भिजवला मी. सगळा. आईंनी इतकं राखलं, आणि मी मेलीने..."

काकूने चिंधी खाली ठेवली. "तू भिजवलास?"

"मीच."

"बावीस वर्षं बोलणी खाऊन तू भिजवलास?" काकू उठली, कपाट उघडलं आणि कपड्यांच्या घड्यांमागून कापडाची एक पिशवी काढली. गच्च भरलेली.

"कोरडा आहे. त्याच वाफ्यातला. कापणीनंतर तुझी सासू स्वतः घेऊन आली होती. म्हणाली, माझं डोकं हल्ली दगा देतं गं, एखाद्या दिवशी मीच या गव्हाचा घात करीन. हा तुझ्याकडे असू दे. सुनेला सांगू नकोस, माझ्यामागे धावून धावून अर्धी झालीय पोर. तुझ्या एकटीवर भरवसा आहे, म्हणाली."

सुनेने पिशवी छातीशी धरली.

तेवढ्यात शेजारची भट्टीवाली बोलणं ऐकून दारात आली. उद्या तिच्याच भट्टीत भाकरी भाजायच्या होत्या. "एकटीवर?" ती म्हणाली. "अहो, पिशवी माझ्याकडे आहे! मलाही हेच म्हणाली, तुझ्या एकटीवर!"

मग काय, एकीने दुसरीला हाक मारली, दुसरीने तिसरीला. ऊन कलायच्या आत सात घरांतून सात पिशव्या आल्या. आठही घरांना पुरून उरेल इतका गहू. प्रत्येकीने महिनोन्महिने शपथ पाळलेली, प्रत्येकीला वाटलेलं आपणच एकटी. बायकांना हसू आवरेना. मग भट्टीवाली म्हणाली, "सातजणींकडे मुद्दाम ठेवलं, की दर वेळी आधीचं दिलेलं विसरली?"

सून निघाली तेव्हा शिंपीकाकूने तिचा हात धरला. "तुझ्या हातून भिजला म्हणालीस ना? आमच्यासाठी तुझ्याच हातून भिजला. पोतं तुमच्याच घरी राहील."

पिशव्या घेऊन ती घरी आली तर सासू उठून जात्याच्या खोलीत बसली होती. सुनेने पिशव्या पुढे ठेवल्या. सासूने एक उचलली. गाठीवरून बोट फिरवलं. दुहेरी गाठ, शेपूट आत खोचलेलं.

"ही गाठ माझी आहे."

"हो, आई."

"मी बांधली?"

"साती तुम्हीच बांधल्यात. सात घरी ठेवायला दिल्यात."

"कशाला?"

सासूने इकडेतिकडे पाहिलं. भिंतीवर पांढरं कापड वाळत होतं, अजून मध्ये ओलं होतं. तिला सगळं कळलं, आणि उद्या ते आठवणार नाही हेही कळलं असावं.

मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली. जात्याशेजारचा तांब्या तिने उचलला, तो घेऊन उंबरा ओलांडला आणि ओट्यावर त्याच्या शेजारी बसली.

"तू दळ," ती बाहेरून म्हणाली. "आजपासून तांब्या बाहेर, आणि मीही बाहेर. मी कितीही भांडले तरी मला आत येऊ देऊ नकोस. पाया पडले तरी देऊ नकोस."

सुनेने पहिल्या पिशवीची गाठ सोडली. जात्यात मूठ घातली. खुंटा धरून दोन फेरे घेतले, तिसऱ्याला जातं थांबलं. तिला पुढचं दिसेना. ती झटकन उठली, तोंड फिरवून बाहेर पळाली आणि ओट्यावर सासूच्या शेजारी बसून हमसाहमशी रडायला लागली.

सासूने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"रड," ती म्हणाली. "पोटभर रड. मग हात कोरडे करून आत जा."