पोटातल्याची दाद

आमचे चिरंजीव लिफ्ट दुरुस्त करतात आणि सूर कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नाही. मी पस्तीस वर्षं गाणं शिकवलं, शंभरेक पोरं तयार केली आणि पोटचा मुलगा हा असा. म्हणून सुनेला दिवस गेले तेव्हाच मी ठरवून टाकलं, नातवंडाचे कान जन्माआधीच आपण ताब्यात घ्यायचे. मुलाच्या वेळी मी क्लासमागे धावत राहिले, ती चूक पुन्हा नको.

सून चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. दिवसभर उभ्याचं काम. सातव्या महिन्यात तिचा रक्तदाब वर गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरी बसा, दुपारी दोन तास झोप हवीच, नाहीतर बाळंतपणापर्यंत दवाखान्यात ठेवून घेईन. सून रजा टाकून घरी बसली आणि माझं आयतंच फावलं.

जेवणं उरकली की ती कुशीवर आडवी व्हायची. मी शेजारी खुर्ची ओढून डोळे मिटून गायचे. गाताना डोळे मिटायची सवय जुनीच. तासाभराने थांबून विचारायचं, "काय, हललं का?"

"नाही, आई. पण छान झालं."

पहिल्या दिवशी म्हटलं, नवखं आहे. दुसऱ्या दिवशी ताना घेतल्या. वरच्या पट्टीत गळा आता फाटतो, तरी घेतल्या. पोटातून हूं नाही की चूं नाही. असे आठ दिवस.

नवव्या दिवशी चिरंजीवांनी एक छोटा स्पीकर आणला. त्यात म्हणे पोटातल्या बाळांसाठी खास संगीत. टिंग टिंग टिंग, आणि मध्येच पाण्याचा आवाज, नळ नीट बंद न केल्यासारखा. तो पोटाजवळ धरला मात्र, आतून अशी लाथ बसली की सुनेच्या गाऊनवरून दिसली. चिरंजीव खूश.

"आई, बघ, ताल धरतंय."

ताल कसला, डोंबल. पण मला लागलं ते लागलंच. गळा गेला असं बाहेरच्या कुणी सांगितलं असतं तर चांगली भांडले असते. पोटातल्याशी काय भांडणार? दुसऱ्या दिवसापासून दुपारी मी स्वयंपाकघरात भाजी निवडत बसू लागले आणि आत स्पीकर टिंगटिंग करू लागला.

पाचव्या दिवशी सुनेने घरच्या यंत्रावर रक्तदाब मोजला आणि पुन्हा चढलेला आकडा मला दाखवला. तिचे डोळे पार खोल गेले होते. मी विचारलं, "दुपारची झोपतेस ना गं?"

"चार दिवस डोळ्याला डोळा नाही. ते वाजलं की हे लाथा घालतं. उद्या तपासणी आहे, आई. आकडा असाच राहिला तर ठेवून घेतील. मला नाही राहायचं तिथे दोन महिने."

"मग बंद कर की ते डबडं."

"तेही करून पाहिलं. नाही लागत झोप." ती चादरीच्या टोकाशी चाळा करत राहिली. "रागावणार नसाल तर एक सांगू? तुम्ही गायचात ना, तेव्हा दोन मिनिटांत आम्ही दोघंही झोपायचो. तुम्ही थांबलात की मला जाग यायची. मग मी म्हणायचे, छान झालं."

"आणि हे आत्ता सांगतेस?"

"क्लासमध्ये कुणी जांभई दिली तरी तुम्ही त्याला बाहेर काढायचात. मला कुठे काढलं असतंत?"

"माहेरी," मी म्हटलं, आणि दोघींनाही हसू आवरेना.

राग आला होता, खोटं कशाला बोलू. आठ दिवस घसा कोरडा केला तो काय घोरणाऱ्यांसाठी? पण हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. पोरगी घाबरली होती. मी खुर्ची ओढली.

या वेळी ताना नाहीत, वरची पट्टी नाही. नव्या पोरांना पहिल्या दिवशी देते तेवढंच, खालच्या सुरात, संथ. आणि डोळे उघडे ठेवून. तिची मूठ सैल झाली, तोंड किंचित उघडलं आणि ती चक्क घोरू लागली. मी हलकेच पोटावर हात ठेवला. आत सगळं शांत. लाथेची वाट बघणारी मी, आता ती बसू नये म्हणून जीव मुठीत धरून गात होते.

पाठ मोडून आली तरी दोन तास थांबले नाही. चिरंजीव कामावरून आले, दारातूनच "हललं का?" म्हणाले, तेव्हा गाता गाताच त्यांना डोळ्यांनी दटावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी दोनदा मोजलं आणि म्हणाल्या, उतरलाय, जा घरी. जे काय करताय तेच रोज करा.

घरी येऊन जेवलो. सून आडवी झाली, उशी सारखी केली आणि मला हाक मारली, "आई, येताय ना?"

उभ्या जन्मात कुणी इतक्या गरजेने मला गायला बोलावलं नव्हतं.