पाझरती मडकी

आमच्या मालकांनी, पलटनीतनं पेन्शनीत निघालेल्या हवालदारांनी, दारू सोडली ती लेकापायी. लालासाहेब पलटनीत निघाला तवा त्यानं बापाचा हात आपल्या डोस्क्यावर ठिवला आन शपथ घ्यायला लावली. तवापास्नं थेंब न्हाई. पन लाला सिंगापुराला गेला, सिंगापूर पडलं, आन त्याचं कार्ड यायचं बंद झालं. जित्ता हाय का न्हाई, सरकारलाबी सांगता यीना. असल्या वक्ताला गडी पुन्यांदा बाटलीकडं वळनार, ह्ये मला कुनी सांगाय नको. म्या डोळ्यात तेल घालून बसले व्हते.

आन एक दिस मेहरुनबी आली. कल्हईवाल्या शमशेरभाईची बायको. म्हनली, "वैनी, तुमच्या हवालदारांनी आमच्या घरातला समदा नवसागर नेला. आता आमी भांडी कशानं कल्हई करायची?"

कल्हईबिगर नवसागर कुठं लागतो ते शेंबडं पोरबी सांगंल. हातभट्टीला.

दोन दिसांनी गुंडा कुंभार भेटला. त्यो निराळाच वैतागलेला. "मनुबाई, हवालदारांनी माझ्याकडनं बारकी उभट मडकी करून घेतली. मातीत भुस्सा कालवायला लावला. म्हनं पाझरली पायजेत. आवं, पाझरत्या मडक्याला गिऱ्हाईक परत तोंडावर आनून फेकतं, आन ह्ये पैसं मोजून घेत्यात. माझं नाव तेवढं कुठं सांगू नगा."

गोठ्यामागच्या वैरनीच्या खोलीला तर कुलूपच घातलं व्हतं. इचारलं, तर म्हनं उंदरं झाल्यात. उंदराला कुलूप लावत्यात व्हय? काय मला खुळी समजत्यात का काय. राग तर आलाच, पन त्याच्यापरीस भ्या वाटलं. रानात लपून चळवळ करनारी पोरं भट्टीवाल्याला धरून तळवं फोडत्यात. पन्नाशीचा गडी, एकुलता लेक बेपत्ता, आन त्यात ह्ये.

मालक सांगलीला गेल्यालं बघून म्या वरवंट्यानं कोयंडा उचकटला.

आत काचंच्या बरन्या रांगंनं मांडल्या व्हत्या. दर बरनीत पानी, पान्यात गुंडाचं मडकं, मडक्यात काळा भुगा, बाजूला जस्ताची पट्टी. ह्या बरनीतनं त्या बरनीत तारा गेलेल्या. दारूचा वास काय यीना. म्या बोट बुडवून चाखलं. खारट, जिभंला झोंबनारं. मग कोपऱ्यातलं एक कोरडं मडकं उचललं, म्हनलं ह्येला तरी लागलीच आसंल, आन आतनं जीभ लावली. ती चिकटूनच बसली की! सोडवाय गेले तर दारात मालक. हातात सांगलीत भरून आनलेली मोटारीची ब्याटरी.

"भट्टी लावलीया न्हवं?" जीभ सुटल्या सुटल्या म्या इचारलं.

त्येंनी दार लावून घेतलं आन गोनपाट बाजूला केलं. खाली रेडिओ. पाचगनीच्या कुन्या साहेबानं जाताना इकलेला. मालक पलटनीत तारखात्यात व्हते, त्येंना असली कामं येत्यात. रेडिओला दोन ब्याटऱ्या लागत्यात; मोटारीची सांगलीत भरून मिळती, पन दुसरी कोरड्या मसाल्याची लढाईपायी बाजारात मिळंना, म्हनून त्येंनी जुन्या पद्धतीनं हितंच वीज करायला घेतली व्हती. म्हनलं, "मडकं पाझरलं पायजे. भुगा आत ऱ्हायला पायजे, नवसागराचं पानी आरपार गेलं पायजे. भोकं बुजली की वीज बंद."

"मग चोरून कशापायी?"

"शत्रूचं केंद्र ऐकतुया, जपान्याच्या ताब्यातल्या सिंगापुराचं. घावलो तर तुरुंग." मालक म्हनलं, "आन दुसरं म्हंजी, तिथं धरलेल्या आपल्या पलटनीतला एक पोरगा मराठीत बोलतो. नाव निराळंच सांगतो. मला आवाज लालाचा वाटतो. पन हल्ली मला कुनाचाबी आवाज त्येचाच वाटतो. तुला सांगितलं आन त्यो नसला, तर? परवा त्यो आवाज ऐकून भाईर पडलो आन पाय सरळ गुत्त्याकडं वळले. कसंबसं माघारी फिरलो."

माझा राग कुठल्या कुठं गेला. आवं, मला इचारायचं न्हवं का.

दिवेलागनीला त्येंनी रेडिओ लावला. खरखर, मग गानं, मग एक पोरगा बोलाय लागला. जवान आवाज, लांबनं येनारा. मालक रेडिओकडं बघत न्हवते, माझ्या तोंडाकडं बघत व्हते. जरा येळानं आवाज बारीक झाला. "मडकी दमली," मालक म्हनलं, "जरा इसावा दिला की भरत्यात." बटन बंद करून आमी मडकी भरायची वाट बघत बसलो. पुन्यांदा लावल्यावर आवाज आला, आता खडखडीत. म्या कान लावून ऐकला. पार शेवटपावतर.

त्यो लाला न्हवता.

पयल्या बोलालाच मला कळलं व्हतं. तरीबी ऐकत ऱ्हायले, म्हनलं आपलं चुकत आसंल. चुकत न्हवतं. नऊ म्हैनं पोटात वागवलेल्याचा आवाज आईला कळायचा न्हाई व्हय.

"त्योच हाय न्हवं?" मालकांनी इचारलं.

म्या जन्मात त्येंचं एक खोटं पचू दिलं न्हाई. दारूचं न्हाई, उंदराचं न्हाई.

"त्योच," म्या म्हनलं.

"खरं सांग. नाव का निराळं सांगतुया मग?"

"आवं, खरं नाव सांगून बापाला तुरुंगात घालंल का? आन आवाज मला इचारताय, का तुमी जन्म दिलाय त्येला?" म्या अशी खेकसले की त्येंना पटलं. त्यो रांगडा गडी पटक्यात तोंड खुपसून हुंदकं द्यायला लागला. मग डोळं पुसून रोजच्यावानी एकेका बरनीत पानी वताय लागला.

"उद्यापास्नं मलाबी बोलवा," म्या म्हनलं. आन धार काढायच्या निमतानं भाईर यिऊन म्हशीच्या कुशीला डोस्कं टेकलं, आन त्येंना ऐकू जानार न्हाई अशी रडले.