अळवंतीचा सिनेमा

“शेवटाक तो खिळो मारतत, तेवढो काढून टाक रे बाबा,” कडेवरच्या तान्ह्या नातीला सावरत मथुराकाकी आमच्या ह्यांना म्हणाली.

“काकी, पिक्चर काय माझो आसा? इलो तसोच दाखवूक होयो.”

आमचे हे, सत्यवान, मालवणच्या तंबू टॉकीजमध्ये हातात कर्णा घेऊन परदेशी सिनेमे मालवणीत समजावून सांगायचे. घरात तोंडातून शब्द फुटेल तर शपथ! ती भाषा त्यांना ओ की ठो कळत नसे, पण पडद्यावर माणसं हलली की ह्यांची जीभ सुटायची. साठ-एकसष्ट साल असेल. बर्फातल्या कुठल्याशा गावाचा भुताचा सिनेमा आला होता. लोकांना इतका आवडला की तेच तेच लोक रोज यायचे. बाळंतपणात मेलेली पोर आपल्या बाळाला बघायला येते आणि शेवटी गावकरी तिच्या थडग्यात भला मोठा खिळा ठोकतात. ह्यांनी पहिल्याच दिवशी तिला ‘अळवंत’ म्हणून टाकलं. बाळंतपणात गेलेल्या बाईला आमच्याकडे तेच म्हणतात.

काकीची लेक सुगंधा होळीच्या सुमारास, ही नात मागे ठेवून, तशीच गेली होती. ती परत येऊ नये म्हणून दाजींनी, तिच्या सख्ख्या बापाने, उंबऱ्यात खिळा ठोकून घेतला होता.

“माझा चेडू पोराक बघूक येता तर येवंदे मां!” काकी रडायलाच लागली. “आज म्हातारो पिक्चर बघूक येतलो. ता बघल्यान तर दारातलो खिळो कधी काढूचो नाय.”

हे आपले कर्णा पुसत बसले. मला असा राग आला! रोज एवढी बडबड, आणि आता जिभेला काय झालं?

संध्याकाळी खेळ रंगला. शेवटी पडद्यावरची माणसं घण घेऊन निघाली. पहिला घाव बसला आणि कर्ण्यातून ह्यांचा आवाज आला.

“भियाव नकात. खिळो मारतत तो पाळण्याक. आई पोराक बघूक येतली, म्हणान गाववाले पाळणो बांधतत.”

“खोटा सांगता!” मागून कुणीतरी ओरडलं. “काल थडग्यात मारललो!”

“गप रव!” दाजी ताडकन उभे राहिले होते. त्यांचा आवाज फाटला. “तो सांगता तसाच आसा.”

पडद्यावर घाव पडतच होते. दाजी बायका-पुरुषांमधली दोरी ओलांडून आले. काकीच्या मांडीवरची नात त्यांनी उचलली, छातीशी धरली आणि पडद्याकडे पाठ करून तिला हळूहळू थोपटत राहिले.